हृदयाचे पारखी : डॉ. रुस्तुम वकील

मुलांनो, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पाहा. आत एक मंद ठोका लागतो. तीच आपली नाडी. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटास साधारणपणे ६० ते १०० वेळा उडते. ७२ ठोके धरले, तरी दिवसाकाठी हृदय एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. दोन ठोक्यांमध्ये जी क्षणभराची उसंत मिळते, तेवढ्यातच ते विसावते आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूंना मुख्यतः रक्त मिळते. विश्रांतीतही नाडी सदैव जलद राहिली, तर ही उसंत कमी होते. त्यातच रक्तदाब वाढला, तर हृदयाला प्रत्येक ठोक्यास अधिक जोर लावावा लागतो. हृदयावरचा हा भार हलका करण्यासाठी ज्यांनी अविरत परिश्रम केले, त्यांपैकी एक थोर पुरुष आपल्या मुंबईचे होते. ते म्हणजे डॉ. रुस्तुम जाल वकील.

रुस्तुम यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनला वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. उच्च रक्तदाबावर तेव्हा भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, एवढेच डॉक्टर सांगू शकत. कित्येक रोगी डोळ्यांदेखत दगावत.

आपल्याकडील वैद्य सर्पगंधा नावाच्या वनस्पतीचे मूळ फार पूर्वीपासून औषधात वापरीत. तिने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याच्या दोन वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ साली लिहिलेही होते; परंतु जगाचे तिकडे लक्ष गेले नव्हते. डॉ. वकील यांनी केवळ जुने म्हणून त्या मुळावर विश्वास ठेवला नाही, अथवा केवळ झाडपाला म्हणून ते तुच्छही लेखले नाही. त्यांनी ५० रोग्यांना ते देऊन त्यांचा रक्तदाब चिकाटीने मोजला व नोंदला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. १९४९ साली हे निष्कर्ष इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ते वाचून अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीही हे औषध वापरले. त्याने नाडीही मंदावते, असे दिसून आले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले.

डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक आणि १९५८ साली पद्मभूषण हा बहुमान मिळाला. १९७४ साली ते निवर्तले.

पुढे या औषधाने काही रोग्यांचे मन खिन्न होते, असे आढळले. आज त्याऐवजी बहुधा नवी औषधे दिली जातात. परंतु ऐकीव गोष्ट मोजून पाहावी आणि मगच स्वीकारावी, हा डॉ. वकील यांनी आचरलेला धडा मात्र जुना झालेला नाही.