गाडीत बसून लिहिणारा डॉक्टर



घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, हे आपल्याला नवीन नाही. आमचेही शिक्षण पदवीपर्यंत हिंदीतून झाले. म्हणूनच इटलीतील सिसिली बेटाचे डॉ. जुझेप्पे पित्रे आम्हाला जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १८४१ साली पालेर्मो शहरात, एका खलाशाच्या घरी झाला. वडील लवकर गेले, आईने वाढवले. १८६० मध्ये ते गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत सामील झाले व १८६५ मध्ये डॉक्टर झाले. दरम्यान १८६१ साली सिसिली इटलीच्या नव्या राज्यात आली. शाळा-कचेऱ्यांत इटालियन चालू लागली आणि सिसिलियन ही अडाण्यांची बोली ठरू लागली.

वास्तविक ही बोली लेचीपेची नव्हती. मूळ लॅटिन, पण तिच्यात ग्रीक, अरबी, नॉर्मन सगळेच मिसळलेले. पाळण्याला त्यांच्याकडे ‘नाका’ म्हणतात, तो शब्द ग्रीक. (आपला नाका वेगळा, मुलांनो!) संत्र्या-लिंबाच्या फुलाला ‘झागरा’ म्हणतात, तो अरबी. तेराव्या शतकात, दान्तेच्याही आधी, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात याच भाषेत कविता होत असे.

पित्रे रोगी तपासायला घोडागाडीतून हिंडत आणि वाटेत गाडीतच लिहीत बसत. रोग्यांकडून, कोळ्यांकडून, म्हाताऱ्या बायकांकडून गोष्टी, म्हणी, गाणी, औषधे गोळा करीत. सर्वांत मोठा ठेवा मिळाला तो अगातुत्सा मेस्सिया या गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडून. पित्रे लहान असताना याच बाईंनी त्यांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

१८७५ साली सुमारे ३०० गोष्टींचे चार खंड निघाले, सोबत बोलीचे व्याकरणही. पित्रे यांना चांगले इटालियन येत होते. त्या गोष्टी शुद्ध इटालियनमध्ये उतरवल्या असत्या तर विद्वानांनी अधिक कौतुक केले असते. त्यांनी तसे केले नाही. जशा ऐकल्या तशा छापल्या. आमच्या मते खरे धैर्य ते हेच.

लोकपरंपरेवरील त्यांची ग्रंथमाला १८७१ ते १९१३ अशी चालून २५ खंडांची झाली. १९०९ मध्ये त्यांनी पालेर्मोत संग्रहालय उभे केले. १९११ मध्ये विद्यापीठात ते हा विषय शिकवू लागले, १९१४ मध्ये सिनेटर झाले. १० एप्रिल १९१६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या खंडांत गोष्टींखाली सांगणाऱ्याचे नाव व गाव छापलेले असते. मेस्सियाबाईंचेही आहे. ते त्यांना वाचता मात्र येत नव्हते.