डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स (५ फेब्रुवारी, १९५१ – १ सप्टेंबर, १९९९) हे युनिक्स ही संगणकप्रणाली आणि टीसीपी/आयपी हे नेटवर्कचे नियम यांवर ग्रंथलेखन करणारे अमेरिकन लेखक होते. कागदावरचे वर्णन प्रत्यक्ष यंत्रावर पडताळून मगच वाचकांपुढे ठेवणे, हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होते.

जीवन

स्टीव्हन्स यांचा जन्म उत्तर ऱ्होडेशियातील (सध्याचा झांबिया) लुआन्श्या येथे झाला. वडील तांब्याच्या उद्योगात असल्याने त्यांचे बालपण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत अनेक ठिकाणी गेले. १९७३ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठातून विमान व अवकाश अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९७५ साली ते ॲरिझोना राज्यातील टुसॉन येथे आले व किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. याच काळात त्यांनी ॲरिझोना विद्यापीठातून प्रणाली अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी (१९७८) आणि डॉक्टरेट (१९८२) मिळवली. त्यांना विमान चालवण्याची आवड होती. काही काळ त्यांनी वैमानिकांना प्रशिक्षणही दिले. १९८२ ते १९९० या काळात कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे नोकरी केल्यानंतर ते टुसॉनला परतले आणि लेखन व सल्लागारीकडे वळले.

लेखनाची पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात सन, आयबीएम, एचपी अशा कंपन्यांची वर्कस्टेशने आपापल्या युनिक्ससह विकली जात. सोबतच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक सुविधेचे नेमके पण त्रोटक वर्णन असे. अनेक सुविधा एकत्र कशा वापराव्यात, एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर का अडतो, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे त्यात सहसा सापडत नसत. ही उणीव स्टीव्हन्स यांच्या ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’ (१९९०) आणि ‘ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट’ (१९९२) या ग्रंथांनी भरून काढली.

कार्यपद्धती

‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’च्या पहिल्या खंडासाठी (१९९४) त्यांनी सनओएस, सोलारिस, बीएसडी/३८६, एआयएक्स अशा भिन्न प्रणाली चालवणारी यंत्रे वापरली. त्यांच्यातील संदेशांची देवाणघेवाण ‘टीसीपीडम्प’ या प्रोग्रामने टिपून ती वेळेच्या नोंदींसह ग्रंथात छापली.

एक उदाहरण नेहमीच्या अडचणीचे आहे. सर्व्हर प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा सुरू केल्यास, पत्ता आधीच वापरात आहे, अशी तक्रार येते. स्टीव्हन्स यांनी हा प्रसंग यंत्रावर घडवून दाखवला. जोडणी प्रथम बंद करणारी बाजू तिची नोंद काही काळ राखून ठेवते. शेवटची पोच हरवल्यास ती पुन्हा पाठवता यावी आणि जुन्या जोडणीची रेंगाळलेली पॅकेटे नव्या जोडणीत मिसळू नयेत, हा त्यामागील हेतू असतो. दोष वाटणारी गोष्ट ही खरे तर सुरक्षेची तरतूद आहे, हे त्यातून वाचकाला उमगते.

दुसऱ्या खंडात (१९९५) गॅरी राइट यांच्यासह त्यांनी बीएसडी प्रणालीतील नेटवर्कच्या सुमारे १५,००० ओळींच्या सी भाषेतील मूळ प्रोग्रामचे विवेचन केले. तिसरा खंड १९९६ साली प्रसिद्ध झाला. टीसीपीमधील गर्दी टाळण्याच्या पद्धतींचे वर्णन करणारा आरएफसी २००१ हा दस्तऐवजही (१९९७) त्यांनीच लिहिला. आपल्या पुस्तकांची छपाईयोग्य पाने ते युनिक्सवरील ट्रॉफ पद्धतीच्या साधनांनी स्वतः सिद्ध करीत.

मृत्यू आणि वारसा

वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’च्या नव्या आवृत्तीचे दोन खंड पूर्ण झाले होते, नियोजित तिसरा खंड मात्र अपुरा राहिला. २००० साली युझनिक्स या संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. पुढे अन्य लेखकांनी त्यांच्या ग्रंथांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्यांनी वापरलेली वर्कस्टेशने कालबाह्य झाली असली, तरी त्यांनी उलगडलेली सॉकेट, प्रोसेस आणि टीसीपी जोडणीची तत्त्वे आजच्या लिनक्स व बीएसडी प्रणालींतही वापरात आहेत.