शाळेआधीचा तास

शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन मैदानात थांबणाऱ्या शिक्षकांची नावे इतिहासात सहसा उरत नाहीत. क्लीव्हलंडच्या चार्ल्स रायली यांचे नाव उरले, ते जेसी ओवेन्स या एका विद्यार्थ्यामुळे. आणि गंमत अशी, की हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर सरावाला येऊच शकत नव्हता.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, ओकव्हिल या खेड्यात १२ सप्टेंबर १९१३ रोजी जेम्स क्लीव्हलंड ओवेन्सचा जन्म झाला. आजोबांनी गुलामगिरी पाहिलेली, वडील गोऱ्या जमीनमालकाची शेती अर्धेलीने कसणारे. दहा भावंडांत हा धाकटा, आणि छातीच्या दुखण्याने सदा आजारी. कामाच्या शोधात हे कुटुंब उत्तरेकडे ओहायोतील क्लीव्हलंड शहरात आले. तेथे शाळेत नाव विचारल्यावर त्याने आद्याक्षरे सांगितली, 'जे. सी.'. त्याचा दक्षिणी उच्चार बाईंना 'जेसी' असा ऐकू आला. भिडस्त मुलाने चूक दुरुस्त केली नाही आणि तेच नाव जन्मभर चिकटले.

फेअरमाउंट ज्युनिअर हायस्कूलमध्ये रायली शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. या काटकुळ्या पोराची धाव त्यांनी हेरली आणि शाळेनंतर सरावाला बोलावले. पण शाळा सुटली की जेसीला कामावर जावे लागे. बूटदुरुस्तीच्या दुकानात, कधी किराणा पोहोचवायला. घर त्या पैशांवर अवलंबून होते. एखाद्या शिक्षकाने येथे खांदे उडवले असते, तर त्याला दोष देता आला नसता. रायली यांनी मात्र स्वतःचेच वेळापत्रक बदलले. शाळा भरण्याआधी, सकाळी ते त्या एका मुलासाठी मैदानात येऊ लागले. येताना अनेकदा त्याच्यासाठी घरून न्याहारी आणत. रविवारी जेवायला घरीही नेत. गोऱ्या शिक्षकाने कृष्णवर्णीय मुलाला आपल्या पंक्तीला बसवणे, ही त्या काळच्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती.

त्यांची शिकवण्याची रीत धीमी होती. तापलेल्या जमिनीवर पाऊल टेकते न टेकते तोच उचलावे, तसे धावायचे, असे ते सांगत. एकदा त्यांनी मुलाला चक्क घोड्यांच्या शर्यती पाहायला नेले. घोडा आपल्या चेहऱ्यावर कसलाही ताण न आणता धावतो, ते त्यांना दाखवायचे होते. पुढे ओवेन्सची जी सहज, तोल न ढळणारी धाव जगाने पाहिली, तिचे मूळ येथे आहे. येत्या शुक्रवारच्या शर्यतीसाठी नव्हे, तर चार वर्षांनंतरच्या शुक्रवारसाठी आपण तयारी करतो आहोत, असे ते त्याला बजावत. आजच्या पदकांच्या घाईत हा हिशेब किती प्रशिक्षकांना परवडेल, कोण जाणे!

ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये गेल्यावरही रायली यांचे मार्गदर्शन सुटले नाही. १९३२ च्या ऑलिम्पिकसाठी निवड हुकली. पण १९३३ मध्ये शिकागोच्या आंतरशालेय स्पर्धेत ओवेन्सने १०० यार्ड ९.४ सेकंदांत धावून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा तो अजून शाळकरी मुलगा होता.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. ओहायो राज्य विद्यापीठात लॅरी स्नायडर हे प्रशिक्षक लाभले. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे, पाठ दुखत असताना, सुमारे ४५ मिनिटांत त्याने तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाशी बरोबरी साधली. त्यातील ८.१३ मीटर लांब उडीचा विक्रम २५ वर्षे टिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हिटलरच्या देखत १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ बाय १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके त्याने जिंकली. (याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.) जर्मन प्रतिस्पर्धी लुट्झ लाँगने त्याला पात्रता फेरीत सल्ला दिला, ही कथा गोड असली तरी पुराव्यांवर टिकत नाही, अंतिम फेरीनंतरचे त्यांचे सख्य मात्र खरे.

मायदेशी मिरवणूक निघाली, पण अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून अभिनंदनाचा शब्द आला नाही. त्याच्याच सत्काराला जाताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याला मालवाहू लिफ्ट वापरावी लागली. युरोपचा प्रदर्शनीय दौरा अर्धवट सोडल्याबद्दल हौशी क्रीडा संघटनेने त्याला निलंबित केले आणि २३ व्या वर्षी कारकीर्द संपली. पोटासाठी तो घोड्यांशी शर्यती लावू लागला. चेहऱ्यावर ताण न आणता कसे धावावे, हे ज्यांच्याकडे पाहून शिकला, त्यांच्याशीच! धंदा बुडाला, दिवाळे निघाले.

सावरल्यावर तो वळला तो मुलांकडे. १९४९ मध्ये शिकागोत स्थायिक झाल्यावर दक्षिण भागातील गरीब मुलांच्या क्लबसाठी त्याने काम केले. पुढे त्याच्या नावाने शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा देशभर भरू लागल्या. १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. अनेक वर्षांच्या धूम्रपानानंतर ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियातील अशाच एका स्पर्धेत कार्ल लुईस नावाचा मुलगा लांब उडीत उतरला होता आणि तेथे त्याला ओवेन्स भेटला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याच मुलाने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले, अशी तीच चार सुवर्णपदके जिंकली. ते पाहायला ओवेन्स नव्हता.