डॉ. फोलिंग आणि एका आईचा प्रश्न

नॉर्वे देशातील डॉ. आसब्योर्न फोलिंग यांचा जन्म १८८८ साली एका शेतकरी घरात झाला. ते अगोदर रसायनशास्त्र शिकले व मग वैद्यक. हा क्रम ध्यानात ठेवावा; केवळ डॉक्टरी शिकलेल्या माणसाच्या हातून पुढील कार्य घडते ना, असे आम्हांस वाटते.

१९३४ साली एक आई आपल्या दोन लेकरांविषयी विचारावयास त्यांच्याकडे आली. जन्माच्या वेळी दोघेही चांगली होती. पण मुलगी मोठी होऊनही मोजकेच शब्द बोले, आणि चार वर्षांच्या मुलास ना बोलता येई, ना चालता. दोघांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येत असे. त्या माउलीने पुष्कळ डॉक्टरांचे उंबरे झिजवले होते. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेसारखी ती थकली नाही.

फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी तांबूस रंग दिसावयाचा, तो येथे हिरवागार झाला! औषधांमुळे असेल म्हणून आठवडाभर सर्व औषधे बंद करविली, रंग हिरवाच. मग आई लघवी आणून देत राहिली आणि ते कित्येक आठवडे प्रयोगशाळेत खपले. शेवटी त्यांना त्यात फेनिलपायरुविक आम्ल सापडले. पुढे त्यांनी मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची लघवी तपासली. त्यांपैकी आठांची तशीच हिरवी झाली. वरून सारखी दिसणारी लेकरे अशी निराळी ओळखता आली.

अन्नातील प्रथिनांचा फेनिलअॅलानिन हा घटक ह्या मुलांच्या शरीरात नीट पचत नाही. तो रक्तात साचून मेंदूस इजा करतो. दोष आईकडून व बापाकडून, दोघांकडूनही यावा लागतो. ती दोघे मात्र धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलास हा रोग होण्याचा संभव चारांत एक. पाप कोणाचे, हा योहानाच्या नवव्या अध्यायातील प्रश्न आमच्या मंडळ्यांतूनही अशा घरांविषयी कुजबुजला जातो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तो अध्याय शिकविताना ही हकिकत जरूर सांगावी.

१९५० नंतरच्या दशकात पथ्याच्या आहाराचा उपाय निघाला, आणि १९६० नंतर नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखू लागले. वेळीच पथ्य सुरू झालेली मुले शाळेत जातात, संसार करतात. त्या दोन भावंडांस मात्र त्याचा लाभ झाला नाही.

फोलिंग १९७३ साली वारले. नॉर्वेत ह्या रोगास आजही त्यांचेच नाव आहे.