ना फी, ना कर्ज: कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना नेमकी चालायची कशी?

दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो. एज्युकेशन लोनचा हप्ता कापला गेल्याचा. इंजिनिअरिंग होऊन पाच वर्षं झाली, तरी हा मेसेज काही थांबलेला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असाच मेसेज येत असेल. काहींच्या घरात बारावीचा निकाल लागला की कर्जाच्या फॉर्मची शोधाशोध सुरू होईल.

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आपल्याला शाळेतल्या भाषण स्पर्धेपासून माहीत असतं. पांढरी दाढी, खादीचे कपडे, वडाचं झाड असलेलं बोधचिन्ह आणि ‘कमवा आणि शिका’. पण खिशात पैसे नसलेला मुलगा बी.ए. होऊन बाहेर पडायचा आणि त्याच्या डोक्यावर कर्ज नसायचं, म्हणजे तो खर्च नक्की कोण भरायचं? हा हिशोब भाषणात कुणी सांगत नाही. तोच इथे समजून घेऊ.

मॅट्रिक न झालेला मुलगा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावचा. घराणं जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. म्हणजे घरची उपासमार वगैरे नव्हती. भाऊरावांनी पुढे जे केलं, ते स्वतःच्या गरिबीतून आलेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलं. राहायला जैन बोर्डिंग. तिथले सोवळ्याचे नियम त्यांना जमले नाहीत. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि त्यावरून बोर्डिंग सोडावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. शाहू महाराजांचं काम त्यांना जवळून बघायला मिळालं ते याच शहरात. अभ्यासात मात्र गाडी पुढे सरकली नाही. ते मॅट्रिक झालेच नाहीत.

मग साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. त्यात खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही, तुरुंगवास भोगला, छळ असह्य होऊन आत्महत्येचाही प्रयत्न केला. यातून सुटल्यावर ते विक्रेते झाले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांचं काचसामान विकत गावोगाव फिरले.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही त्यांची फील्ड जॉब होती. आणि मला वाटतं, संस्था उभी राहण्यात शाळेपेक्षा या नोकरीचा वाटा मोठा आहे. कोणत्या गावात शाळा नाही, शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा कधी येतो, कणगीत धान्य किती दिवस पुरतं, हे सगळं नांगर विकणाऱ्याला कळतं.

मूळ प्रश्न फीचा नव्हता

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचं मुख्य ठिकाण साताऱ्याला हललं.

खेड्यातल्या मुलाला पुढचं शिक्षण घ्यायचं तर हायस्कूल असायचं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाला. फी हा खर्चाचा एक भाग झाला. पण तिथे राहायचं कुठे आणि दोन वेळ जेवायचं काय, हा खरा अडसर. त्यातही दलित मुलाला खोली कोण देणार? म्हणून भाऊरावांनी सुरुवात वर्गखोल्यांपासून केली नाही, बोर्डिंगपासून केली.

आता हिशोबाकडे येऊ. वसतिगृहाचा खर्च कशात असतो? धान्य, भाजीपाला, स्वयंपाकी, गडी, जागेचं भाडं आणि थोडी रोख रक्कम. यातला एकेक आकडा भाऊरावांनी कसा खाली आणला ते बघा.

स्वयंपाकी नाही, गडी नाही. स्वयंपाक, पाणी भरणं, झाडलोट, सगळं मुलांनी पाळीपाळीने करायचं. भाजीपाला शेतात पिकवायचा, तोही मुलांनीच. धान्य गावांकडून यायचं. मुष्टिफंडाची पद्धत होती, म्हणजे घरोघरी बायकांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगसाठी गोळा व्हायचं. शेतकऱ्याकडे वर्षातले बरेच महिने रोख पैसा नसतो, पण मूठभर ज्वारी असते. वर्गणी रुपयांत मागितली असती तर ही संस्था पहिल्याच वर्षी बंद पडली असती. इमारत बांधायची वेळ आली की दगड फोडायला, माती वाहायलाही मुलं असत.

इतकं वजा केल्यावर जी रोख रक्कम उरायची ती मात्र कुणाला तरी आणावीच लागे. त्यासाठी भाऊराव अनवाणी गावोगाव फिरायचे.

म्हणजे मुलगा पगार कमवून फी भरत होता, असं चित्र डोळ्यासमोर आणलं तर ते अर्धवट ठरेल. त्याच्या श्रमामुळे शिक्षणाचा खर्चच मुळात कमी होत होता.

काम कुणी करायचं, हा कळीचा मुद्दा

मुलांकडून काम करून घेणं यात नवीन काही नव्हतं. गावात प्रत्येक जातीला काम ठरलेलंच होतं. पाणी कुणी भरायचं, घाण कुणी काढायची, चुलीजवळ कुणी जायचं, हे जन्माने ठरत होतं. बोर्डिंगमध्ये तीच वाटणी झाली असती तर ते गावाचंच छोटं रूप झालं असतं.

साताऱ्याच्या बोर्डिंगात पाळी लागायची ती जात न बघता. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका छताखाली राहायची. सगळ्यांनी रांधलेलं सगळे एका पंगतीत जेवायचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची मोठी साखळी उभी केली होती, पण त्यातली बरीचशी त्या त्या समाजासाठी वेगवेगळी होती. भाऊरावांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्याच हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झालं, तेही याच धर्तीवर.

भाऊरावांची तुलना अनेकदा अमेरिकेतल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी होते. गुलामीत जन्मलेल्या वॉशिंग्टननी १८८१ पासून अलाबामातल्या टस्कीगी इथे शाळा उभी केली, तिथे विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. तुलना चुकीची नाही. पण टस्कीगीतले विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, तिथे गोरी आणि काळी मुलं एका पंगतीला बसत नव्हती.

लक्ष्मीबाईंचं सोनं

हिशोबात एक रक्कम अजून दाखवायची राहिली. ती भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची.

त्या सधन, कर्मठ जैन घरातून आलेल्या. लग्नात अंगावर भरपूर दागिने होते. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं जेवायला बसणार हे सुरुवातीला त्यांना सहज पचलं असेल असं वाटत नाही. पण हळूहळू त्या या मुलांच्या आई झाल्या. आजारी मुलाची उशागती बसून सेवा करणं, सणाला गोडधोड करणं, सगळं त्यांच्याकडे होतं. कोठीतलं धान्य संपलं की त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना जायचा. असं करत करत शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी गेलं. त्या काळात सवाष्ण बाईने मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं पहिलं हायस्कूल किंवा कॉलेज त्यांना बघायला मिळालं नाही. मुलांवर कर्ज चढलं नाही, कारण ते या घराने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. इंटरनेटवरच्या अनेक लेखांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

बोर्डिंग ते कॉलेज

१९३५ मध्ये शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज आलं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, मोफत आणि निवासी. आणि १९४७ च्या जूनमध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या दोन महिने आधी, छत्रपती शिवाजी कॉलेज. तोपर्यंत इकडच्या बहुतेक मुलांना कॉलेजसाठी पुणे, सांगली किंवा कोल्हापूर गाठावं लागे. इथे मुलांनी श्रम करायचे आणि पदवी घ्यायची. कराडचं सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ चं.

मधल्या काळात एक मोठा धक्का बसला. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी केलेली जाहीर टीका मुंबई सरकारला झोंबली आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. गाडगे महाराजांसारखी माणसं मागे उभी राहिली, लोकांनी वर्गण्या दिल्या आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. ज्या संस्थेचा रोजचा खर्च आधीच इतका खाली आणलेला होता, तिला अनुदानाशिवाय तग धरणं तुलनेने सोपं गेलं असणार.

मग यात खोट काहीच नव्हती?

होती. सकाळी दोन तास दगड फोडणारा मुलगा आणि तेच दोन तास पुस्तक वाचणारा शहरातला मुलगा परीक्षेला एकाच पेपरला बसतात. हा फरक कुठल्याही योजनेने भरून निघत नाही. शिकणाऱ्या मुलांचे श्रम वापरून संस्था उभी करणं आज कुणी सुचवलं तर मीच पहिल्यांदा प्रश्न विचारेन.

दुसरं, कर्ज अजिबात नव्हतं असंही म्हणता येत नाही. बँकेचं नव्हतं इतकंच. शिकून मोठी झालेली कितीतरी मुलं परत संस्थेत आली, कमी पगारावर आजीव सेवक म्हणून राहिली. साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिली करून बंगला बांधता आला असता. ते रयतमध्ये शिकवायला परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांना कुणी हप्ता ठरवून दिलेला नव्हता.

पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये भाऊरावांना सन्माननीय डी.लिट. दिली. पद्मभूषणही त्याच वर्षीचा. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

आज ही योजना कुठे आहे?

नाव टिकून आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि अनेक कॉलेजांमध्ये ‘कमवा आणि शिका’ सुरू आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागकाम, ऑफिसातली नोंदींची कामं, आणि तासाप्रमाणे पैसे. पण हिशोब उलटा झाला आहे. तेव्हा श्रमामुळे शिक्षणाचा खर्च कमी होत होता, आता खर्च ठरलेला आहे आणि श्रमाचे थोडे पैसे हातात येतात. गावाकडून आलेल्या मुलाच्या मेसच्या बिलाला त्यांचा आधार होतो, प्रोफेशनल कोर्सची फी त्यातून निघणं अवघड.

तरीही मेसचा भार हलका होणं ही लहान गोष्ट नाही. तुमच्या कॉलेजात योजना आहे का, याची चौकशी विद्यार्थी विकास विभागात होते. जागा मर्यादित असतात, त्यामुळे प्रवेश झाल्या झाल्याच विचारा.