प्लेगशी झुंजलेला शास्त्रज्ञ : वॉल्डेमार हाफकिन

आज आपण मुलांना निःशंकपणे लस टोचून घेतो. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना रोगापेक्षा सुईचीच धास्ती अधिक वाटे. ही धास्ती दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या हाफकिन यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू असल्यामुळे मायदेशी प्राध्यापकपद मिळेना, म्हणून ते पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली व पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. घराघरांतून उंदीर मरून पडू लागले. माणसे शहर सोडून पळू लागली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत हाफकिन यांनी अवघ्या काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरी अफवा थांबेनात. तेव्हा एकोणीस वर्षांचे आगाखान पुढे आले. त्यांनी अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविला, तेव्हा कोठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. त्याच एका वर्षात देशात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले!

मनात कटुता न ठेवता ते पुन्हा हिंदुस्थानात, कलकत्त्यास, कामावर रुजू झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, नुसत्या लसीने साथ हटत नाही. समाजातील जाणत्यांनी आधी आपला दंड पुढे करावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, एका चिमट्याच्या अस्वच्छतेने १९ जीव गेले, हेही विसरू नका.