वाळूची नक्षी गणितात पकडणारे वाल्टर रिट्झ

धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरवून कडेला व्हायोलिनचा गज ओढला की नक्षी उमटते. मोकळ्या कडांच्या चौकोनी पत्र्यासाठी या कंपनांचं नेमकं सूत्र काही सापडत नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या सियों गावी १८७८ मध्ये चित्रकाराच्या घरी जन्मलेल्या रिट्झ यांनी वेगळी वाट धरली. सोप्या आकारांची बेरीज घ्यायची, कोणता आकार किती ते ऊर्जेच्या हिशेबावरून ठरवायचं. उत्तर अंदाजे, पण नक्षीशी जुळणारं.

फ्रेंच अकादमीच्या १९०७ च्या स्पर्धेत मात्र त्यांना बक्षीस मिळालं नाही. क्षयाने ७ जुलै १९०९ रोजी गटिंगेनमध्ये ते गेले, वय अवघं ३१. अकादमीने पारितोषिक दिलं, ते मरणोत्तर. आज संगणकावर पुलांचा, विमानांच्या पंखांचा हिशेब होतो, त्यात त्यांची कल्पना जिवंत आहे.